‘इग्नोर’विषयी

मूळ लेखकाने १६८१ सालच्या शाफ्ट्सबरी खटल्याविषयी लिहिताना, लंडनच्या ग्रँड ज्युरीने राजद्रोहाचा आरोप ‘इग्नोर’ केला, असे म्हटले आहे. इथे ‘दुर्लक्ष केले’ असा अनुवाद मुद्दाम टाळून ‘फेटाळला’ असे लिहिले आहे. ज्युरीने साक्षीदारांना उलटसुलट प्रश्न विचारले आणि मगच आरोपपत्राच्या पाठीवर ‘इग्नोरेमस’, म्हणजे लॅटिनमध्ये ‘आम्हांला ठाऊक नाही’, हा शेरा मारला. पुरावा पुरेसा नाही, एवढाच त्याचा कायदेशीर अर्थ. याच शेऱ्याचे नाव लावून जॉर्ज रगलने १६१५ मध्ये एका अडाणी वकिलाची टर उडवणारे नाटक रचले आणि तो शब्द पुढे ‘अडाणी माणूस’ या अर्थाने रुळला.

ज्युरी व्हिग पक्षाच्या बाजूची होती, तिने पुराव्याकडे जाणूनबुजून डोळेझाक केली, मग ‘दुर्लक्ष’ काय वाईट, असा आक्षेप येऊ शकतो. ज्युरी पक्षपाती होती हे खरेच. पण तो तिच्या हेतूवरचा अभिप्राय झाला. शेऱ्याचा अर्थ त्याने बदलत नाही. शिवाय जॉन्सनच्या १७५५ च्या कोशातही ‘इग्नोर’चा अर्थ ‘ठाऊक नसणे’ एवढाच आहे, आणि बॉइलने हा शब्द आणू पाहिला पण तो रुजला नाही, अशी नोंद आहे. कानाडोळा करण्याचा अर्थ एकोणिसाव्या शतकात रूढ झाला. म्हणून त्या काळावरच्या प्रकरणांत मात्र ‘दुर्लक्ष’च ठेवले आहे. — संपादक