ड्रायवॉल स्क्रू

जिप्सम बोर्ड स्टडवर, म्हणजे भिंतीच्या उभ्या आधारावर, घट्ट बसवण्यासाठी बनवलेला पोलादी स्क्रू. दुकानांतील पार्टिशन आणि फॉल्ससीलिंगच्या कामात तो सर्रास वापरतात.

बोर्डाचा गाभा जिप्समचा, ठिसूळ. पकड टिकते ती त्यावरच्या कागदामुळे. म्हणून या स्क्रूची खरी करामत डोक्यात आहे. साध्या स्क्रूच्या डोक्याची कड कागद कापते. ड्रायवॉल स्क्रूचे डोके खालून तुतारीसारखे वळणदार असते. दाब पसरतो, कागद न फाटता किंचित आत दबतो आणि खळगा पुट्टीने भरता येतो. स्क्रू जास्त आत गेला, कागद फाटला, की पकड संपली. त्यामुळे खोली मर्यादित ठेवणारे बिट वापरणे उत्तम.

लाकडासाठी आटे विरळ, पातळ पत्र्याच्या चॅनलसाठी दाट असतात. जाड पत्र्याला ड्रिलसारखे टोक लागते. पत्र्याच्या चॅनलवर १२.५ मिमी बोर्डाच्या एका थराला साधारण २५ मिमी लांबीचा स्क्रू पुरतो.

पूर्वी बोर्ड खिळ्यांनी ठोकत. चौकटीचे लाकूड सुकून आकसले की खिळ्यांची डोकी पृष्ठभागावर उठत. मुक्ताईनगरसह खानदेशात उन्हाळा कोरडा आणि कडक, पावसाळा दमट. लाकडी चौकटीची अशी हालचाल इथे गृहीतच धरावी लागते. जस्तलेपित चॅनल आणि आटेदार स्क्रू ही जोडी म्हणूनच सोयीची.

काळा फॉस्फेट लेप गंजापासून जेमतेमच संरक्षण देतो; न्हाणीघराजवळ जस्तलेपित स्क्रू निवडावा. कडक पोलाद ठिसूळही असते, म्हणून जड वजन पेलण्यासाठी हा स्क्रू वापरू नये.