जुनी बिलं एका रात्रीत कशी बदलली? टेड कॉड आणि टेबलांची गोष्ट

आजच्या भागाची सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

पहिल्या नोकरीत मला एका घाऊक व्यापाऱ्यासाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहायचं काम मिळालं. बी.टेक.ला डेटाबेस शिकलो होतो. एकच माहिती दोन ठिकाणी ठेवायची नाही, हा नियम तोंडपाठ होता. म्हणून मालाचा भाव मी फक्त मालाच्या टेबलात ठेवला. बिलाच्या टेबलात मालाचा नंबर आणि नग, बस्स. बिल छापताना दोन टेबलं जोडायची आणि भाव तिकडून उचलायचा.

दोन महिने मस्त चाललं. मग भाव वाढले. तिथल्या हिशेबनीस काकांनी एक जुनं बिल पुन्हा छापलं, तर त्यावर नवा भाव! गिऱ्हाइकाच्या हातातलं बिल वेगळं, आमच्या कॉम्प्युटरमधलं वेगळं. सगळी जुनी बिलं एका रात्रीत बदलली होती, आणि एकाही बिलाला कुणी हात लावला नव्हता.

काका चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "अरे, रोजकीर्दीत लिहिलेला आकडा उद्या बाजार चढला म्हणून बदलतो का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधताना मी टेड कॉड यांच्यापर्यंत पोचलो. आज त्यांचीच गोष्ट.

टेबलांच्या आधी काय होतं?

एडगर फ्रँक कॉड, सगळे त्यांना टेड म्हणायचे. 1923 साली इंग्लंडमध्ये जन्म, दुसऱ्या महायुद्धात रॉयल एअर फोर्समध्ये वैमानिक, शिक्षण गणिताचं. पुढे अमेरिकेत आयबीएममध्ये नोकरी, आणि साठच्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या प्रयोगशाळेत संशोधन.

तेव्हा कंपन्यांकडे डेटाबेस नव्हते असं नाही. आयबीएमचंच आयएमएस होतं. ते कशासाठी बनलं माहितीये? चंद्रावर माणूस नेणाऱ्या अपोलो मोहिमेसाठी. यानाच्या असंख्य सुट्या भागांचा हिशेब ठेवायला. त्यात माहिती झाडासारखी रचलेली असायची. वर मोठा भाग, त्याच्या फांद्यांवर लहान भाग. दुसरीकडे चार्ल्स बाकमन यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये आयडीएस बनवलं होतं. त्यात नोंदी एकमेकींना साखळीने जोडलेल्या.

दोन्हींमध्ये एक गोष्ट सारखी होती: वाट प्रोग्रामरने शोधायची. या नोंदीवर जा, तिथून खाली उतर, मग पुढची बघ. बाकमन यांना 1973 साली ट्युरिंग पुरस्कार मिळाला, तेव्हाच्या भाषणात त्यांनी प्रोग्रामरला चक्क नॅव्हिगेटर म्हटलं. म्हणजे गुगल मॅप नाही, प्रत्येक वळण तुम्हालाच पाठ हवं.

पाच झाडं आणि एक प्रश्न

जून 1970 मध्ये 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या नियतकालिकात कॉड यांचा लेख आला. आज आपण वापरतो त्या रिलेशनल डेटाबेसचं मूळ हे.

त्यातलं एक उदाहरण मला फार आवडतं. समजा, कंपनीकडे सुटे भाग आहेत आणि प्रकल्प आहेत. कोणत्या प्रकल्पाला कोणता भाग किती लागतो, एवढीच माहिती. कॉड दाखवतात, की ही साधी माहिती झाडांच्या रूपात पाच वेगवेगळ्या प्रकारे ठेवता येते. भागांखाली प्रकल्प, प्रकल्पांखाली भाग, वगैरे. आता 'अमुक प्रकल्पाला कोणते भाग लागतात?' हा प्रश्न विचारणारा प्रोग्राम लिहा. एका रचनेसाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या रचनेवर कोसळतो. माहिती तीच, प्रश्न तोच, फक्त मांडणी बदलली की धंद्याचं सॉफ्टवेअर बंद!

कॉड यांचं म्हणणं सरळ होतं. माहिती आत कशी रचली आहे, हे वापरणाऱ्याला माहीत असण्याची गरजच पडू नये. सगळं साध्या टेबलांमध्ये मांडा. काय हवंय ते सांगा. कसं आणायचं ते मशीन बघेल.

"हे चालणार कसं?"

लोकांना हे पटलं का? लगेच नाही. आयबीएम तर आयएमएस विकत होती, तिला घाई नव्हती. 1974 मध्ये मिशिगनमधल्या ॲन आर्बरला कॉड आणि बाकमन यांच्या बाजूंचा जाहीर वादही झाला. मुख्य आक्षेप असा, की मशीनने वाट शोधायची म्हणजे सगळं संथ होणार.

त्याच वर्षी आयबीएमच्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी सीक्वेल नावाची भाषा मांडली. हीच पुढे एसक्यूएल झाली. नाव बदललं, कारण 'सीक्वेल' दुसऱ्या एका कंपनीच्या नावावर आधीच नोंदलेलं होतं. बॉइस मात्र 1974 मध्येच वारले, ऐन तरुण वयात. आज जगभर चालणारी ती भाषा त्यांना बघायलाच मिळाली नाही.

'संथ होणार' या आक्षेपाला उत्तर दिलं आयबीएमच्या सिस्टिम आर प्रकल्पाने. पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी ऑप्टिमायझर बनवला. तो काय करतो? एकाच प्रश्नाच्या उत्तरापर्यंत जाणाऱ्या वेगवेगळ्या वाटांचा खर्च मोजतो आणि स्वस्त वाट निवडतो. त्यावरचा लेख 1979 चा. आज तुम्ही फोनवर एखाद्या ॲपमध्ये जुनी ऑर्डर शोधता, तेव्हा मागे बहुतेक याच कल्पनेचा कुणीतरी वारस काम करत असतो.

गंमत म्हणजे बाजारात आयबीएम मागे राहिली. तिचे लेख उघड छापलेले होते. ते वाचून लॅरी एलिसन आणि साथीदारांनी 1979 मध्ये ओरॅकल विकायला काढलं. पहिलंच उत्पादन, पण नाव दिलं व्हर्जन 2! पहिलं व्हर्जन कोण विकत घेणार? आयबीएमचं डीबी2 जाहीर झालं 1983 मध्ये. मधल्या काळात, 1981 साली, कॉड यांनाही ट्युरिंग पुरस्कार मिळाला होता.

आता माझ्या बिलांकडे

मग माझं काय चुकलं? मी तर नियम पाळला होता.

कॉड यांच्या मॉडेलची मुळं संचांच्या गणितात आणि तर्कशास्त्रात आहेत. त्यांचे सहकारी क्रिस डेट यांनी हे पुन्हा पुन्हा सांगितलंय, की टेबलातली प्रत्येक ओळ म्हणजे एक विधान. 'हे खरं आहे' असं आपण मशीनला सांगत असतो.

आता ही दोन वाक्यं बघा. 'या मालाचा आजचा भाव 120 रुपये आहे.' आणि 'हा माल 3 मार्चला 110 रुपयांनी विकला.' भाव दोन्हींत आहे, पण विधानं वेगळी आहेत. पहिलं उद्या बदलेल, दुसरं कधीच बदलणार नाही. मी दोन वेगळ्या सत्यांना एकाच माहितीच्या दोन प्रती समजलो, आणि एक पुसून टाकली. नियम चुकीचा नव्हता. टेबल बनवण्याआधी ते वाक्य मोठ्याने म्हणून बघायला हवं होतं, ते मी केलं नाही.

दुरुस्ती कोडमध्ये सोपी होती, बिलाच्या ओळीत भावाचा एक रकाना वाढवला. पण दोन महिन्यांचे जुने भाव? ते कॉम्प्युटरमध्ये कुठेच उरले नव्हते. शेवटी काकांनी बिलांच्या कार्बन कॉपींचे गठ्ठे काढले. ते वाचत गेले, मी टाइप करत गेलो. तीन संध्याकाळी लागल्या.

काकांनी कॉड यांचं नाव कधी ऐकलं नव्हतं. पण रोजकीर्द लिहिताना प्रत्येक ओळ म्हणजे एक घडलेली गोष्ट, हे त्यांच्या हाताला माहीत होतं. आजही नवं टेबल बनवताना मी आधी वहीत एक पूर्ण मराठी वाक्य लिहितो. वाक्य जमलं नाही, तर टेबलही जमत नाही.

तुमच्याकडेही असा एखादा रकाना असेल, जो गुपचूप इतिहास बदलतोय. आज एकदा बघून घ्या. भेटू पुढच्या भागात!