पावणेदोन हात माती

दिंडोरी तालुक्यातला कुठलाही सातबारा उघडा. त्यात आकारणीचा रकाना असतो. काही रुपये, काही पैसे. आज त्या रकमेकडे कुणी ढुंकून पाहत नाही. पण कोरडवाहू मुलखातली माती कशी जोखायची, हे शिकण्याशिकवण्याचा दोनशे वर्षांचा खटाटोप त्या आकड्यामागे आहे.

नाशिक गुलशनाबाद म्हणून ओळखले जाई, त्या काळी, १६५० च्या दशकात, दख्खनचा दिवाण होता मुर्शिद कुली खान. औरंगजेब तेव्हा सुभेदार. दिवाणाने सारा ठरवताना पाणी पाहिले. पावसावरच्या पिकात सरकारचा निम्मा वाटा, विहिरीवरच्या धान्यात तिसरा हिस्सा. विहिरीसाठी घाम गाळणाऱ्याला एवढी सवलत हवीच होती. खुरासानहून आलेल्या या माणसाची आठवण आपण तरी कितीशी ठेवली?

इंग्रजांना हे लगेच उमगले नाही. १८२० च्या दशकाअखेरीस प्रिंगल यांनी निव्वळ उत्पन्नाचा किचकट हिशेब मांडला. इंदापूरसारख्या अवर्षणी तालुक्यात त्याचा बोजवारा उडाला. धारा झेपेना, कुळे गाव सोडून गेली. मग १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने सुरुवात केली. १८४० च्या दशकात ही पद्धत नाशिककडे पोहोचली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालात तिचे नियम ठरले.

नियम साधे होते. कारकुनाने शेताचे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागात मातीचा रंग, पोत आणि खोली पाहायची. काळी, एकजीव माती पावणेदोन हात खोल असेल तर सोळा आणे. दीड हाताला चौदा, सव्वा हाताला बारा. असे उतरत नववी प्रत दोन आण्यांची. तांबूस, भरड माती तेवढीच खोल असली तरी चौदापासून सुरू. चुनखडी, वाळू, उतार असा दोष दिसला की एक प्रत खाली. कारकुनाला रसायनशास्त्र नको होते. खणायची तयारी आणि स्वच्छ नजर पुरे. त्याच्या कामाची साहेबाकडून फेरतपासणी होई, कारण एका प्रतीच्या फरकाने कुळाचा धारा वर्षानुवर्षे चढत असे.

खोलीवरच भर का? पाऊस थोडा, आणि खोल माती ओल धरून ठेवते. रब्बी तिच्यावरच पिकते. शेतकऱ्याला हे आधीच ठाऊक होते. सरकारने ते वहीत मांडले, इतकेच.

पुढे कादवेच्या खोऱ्यात धरणांचे पाणी आले. द्राक्षाला निचऱ्याची जमीन लागते. भारी काळीत पाणी साचून मुळे गुदमरतात. ज्या मुरमाड तुकड्यांना साडेचार आणेही जड गेले असते, तिथे आता द्राक्षांचे मांडव आहेत.