गुडिसनच्या भिंतीला हात लावून

18 मे 2025. लिव्हरपूलमधल्या गुडिसन रोडवर तुम्ही गर्दीत उभे आहात. एकमेकींना चिकटलेली विटांची घरं, हवेत निळा धूर, अंगाअंगावर निळे शर्ट. एव्हर्टन फुटबॉल क्लबच्या पुरुष संघाचा गुडिसन पार्क या मैदानावरचा आज शेवटचा सामना. पुढच्या हंगामापासून संघ मर्सी नदीकाठच्या ब्रॅमली-मूर गोदीत, नव्या स्टेडियमवर खेळणार. शेजारचे आजोबा भिंतीला तळहात टेकवून, डोळे मिटून उभे आहेत. तुम्हीही हात टेकवा.

भिंत विरते. साल 1892. समोर मिअर ग्रीनचं ओबडधोबड रान. एव्हर्टन आजवर जवळच्या बागेपलीकडे अ‍ॅनफिल्डवर खेळत होता. तिथले जागामालक जॉन हाउल्डिंग क्लबचेच अध्यक्ष, धंदा बिअर गाळण्याचा. भाडं वाढत गेलं आणि सभासद बिथरले. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या जॉर्ज महॉन यांच्या मागे बहुतेक जण उभे राहिले आणि हे रान घेतलं. रिकाम्या अ‍ॅनफिल्डवर हाउल्डिंगनी लिव्हरपूल क्लब उभा केला. 24 ऑगस्टला गुडिसनचं उद्घाटन. फुटबॉल नाहीच, शर्यती, संगीत, आतषबाजी. आकाश उजळतं तेव्हा लोकांचे चेहरे बघा. घर सोडून आलेली माणसं आहेत ही. ज्या गुडिसनसाठी 2025 मध्ये डोळे भरून येतात, ते एव्हर्टनला घर बदलूनच मिळालं होतं.

2007. तुम्ही एका स्वयंपाकघरात आहात. टेबलावर चहाचे दोन मग, मधे क्लबची मतपत्रिका. शहराच्या हद्दीबाहेर किर्क्बीत, टेस्कोच्या मोठ्या दुकानासोबत स्टेडियम बांधायचा प्रस्ताव आहे. वडील म्हणतात, ‘‘माझ्या सीटवरून खांब आडवा येतो. अर्धे गोल मी लोकांच्या ओरडण्यावरून ओळखतो. आता पुरे.’’ मुलगी पेन खाली ठेवते. ‘‘पण बाबा, शहर सोडून कसं जायचं?’’ दोघंही खरं बोलताहेत. मतदानात सुमारे 59 टक्के लोकांनी होकार दिला. तरी ‘एव्हर्टन आपल्या शहरातच राहू दे’ म्हणणारे चाहते मागे हटले नाहीत. 2009 मध्ये सरकारनं परवानगी नाकारली. पुढे गोदीचा प्रस्ताव आला, तेव्हा मात्र चाहते भरभरून बाजूनं बोलले. गोदी लिव्हरपूलची होती, नदीवर होती. होकार देणारी माणसं आणि नकार देणारी माणसं एका जागी आली ती तिथं.

पुन्हा 18 मे. बुलेन्स रोड स्टँडमधल्या लाकडी खुर्चीत बसा. पायाखाली फळ्या आहेत. हजारो पाय आपटले की थरथर पोटरीपर्यंत चढते. कोपऱ्यातून सेंट ल्यूक्स चर्च डोकावतंय. ‘झेड-कार्स’ या टीव्ही मालिकेची धून वाजते आणि संघ बाहेर येतो. इलिमान एन्जाय दोन गोल करतो, साउदॅम्प्टनविरुद्ध 2-0. शिट्टी झाली तरी कुणी उठत नाही. मैदानाच्या कडेचं गवत नीट बघा. 800 हून अधिक चाहत्यांची रक्षा त्या मातीत आहे. जागा संपली म्हणून क्लबला 2004 मध्ये ही प्रथा थांबवावी लागली. ज्याच्या वडिलांची रक्षा इथं आहे, त्याला नव्या स्टेडियमची आसनसंख्या सांगून काय उपयोग? त्याला एवढंच विचारायचं असतं, की या मातीचं काय होणार.

24 ऑगस्ट 2025. गुडिसनच्या उद्घाटनाला बरोबर 133 वर्षं. नदीचा खारा वारा अंगावर येतो. जवळपास 53 हजार माणसांचं नवं स्टेडियम, आणि मधे एकही खांब नाही. ब्रायटनविरुद्ध पहिला गोल पुन्हा एन्जायचा. स्वयंपाकघरातले ते वडील उभे राहून ओरडतात. या वेळी त्यांनी गोल स्वतः पाहिलाय.

आता परत गुडिसन रोडवर या. भिंत जागेवर आहे. आधीचा बेत गुडिसन पाडायचा होता. मे महिन्यात क्लबनं ठरवलं, इथं एव्हर्टनचा महिला संघ खेळेल. हात टेकवा, अखेरचा.

26 डिसेंबर 1920. आत सुमारे 53 हजार माणसं. खेळताहेत प्रेस्टनच्या कारखान्यातल्या मुलींचा ‘डिक, कर लेडीज’ आणि सेंट हेलन्सचा महिला संघ. पुढच्याच वर्षी इंग्लंडची फुटबॉल संघटना आपल्या क्लबांच्या मैदानांवर बायकांना खेळू देणार नाही, आणि ती बंदी जवळपास पन्नास वर्षं टिकेल. या मुलींना ते अजून ठाऊक नाही. चेंडू जाळ्यात जातो, गर्दी उसळते, भिंत हादरते.

हात काढू नका. मुली आता परत आल्या आहेत.