कारंज्याची पेठ आणि उघडा भाव

वाशीम जिल्ह्यातील कारंजा, रिसोड किंवा मंगरूळपीर अशा एखाद्या कसब्यात घरासाठी प्रिंटर घ्यावयाचा झाला, की हल्ली घरातील कोणीतरी प्रथम मोबाइल हाती घेते, दोन-तीन ॲपांवर एकाच मॉडेलचा भाव पाहते, गेल्या काही महिन्यांत तो किती चढला-उतरला याचा आलेख न्याहाळते आणि मगच बाजारातील दुकानाची पायरी चढते. साधनांच्या दृष्टीने हा व्यवहार अगदी आजचा आहे. परंतु दुसऱ्याच्या मुठीत असलेला भाव उघड्यावर आणून तो आपल्या डोळ्यांनी पडताळण्याची जी इच्छा त्याच्या मुळाशी आहे, तिचा माग या जिल्ह्यात निदान १८८६ पर्यंत कागदोपत्री लागतो. तो जेथे लागतो ते कारंजा नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्राला जितके परिचित आहे, तितके बाजाराच्या इतिहासातील अग्रगण्य गाव म्हणून परिचित नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

कारंजा हे मुळातच सावकारी व व्यापारी वैभवाचे गाव. लाड वाण्यांच्या वस्तीमुळे त्याला कारंजा लाड म्हणतात. जैनांच्या बलात्कार गण, सेन गण व काष्ठासंघ अशा तीन भट्टारक-परंपरांची मंदिरे व पीठे तेथे नांदली. कस्तुरीच्या हवेलीची दंतकथा गावात आजही ऐकावयास मिळते: उंटांवर कस्तुरी लादून आलेल्या एका सौदागराला कोठेच गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा कारंज्याच्या धनिकाने सारा माल एकरकमी विकत घेऊन तो चालू बांधकामाच्या चुन्यात कालवून टाकला. कथेची ऐतिहासिक रुजवात घालता येणार नाही. पण भाव न विचारता माल घेणे ही ज्या समाजाला थोरवीची परमावधी वाटली, त्या समाजात सामान्य माणसाला भाव किती कसोशीने विचारावा लागत असेल, हे ती कथा नकळत सांगून जाते.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला आणि हैदराबादचा रेसिडेंट या मुलखाचा कारभार पाहू लागला. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवीच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाडच्या काळ्या मातीला एकाएकी मोल आले. १८६७ पर्यंत ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे नागपुरास पोहोचली. १८७० मध्ये समुद्राखालून टाकलेली तार मुंबईस येऊन मिळाली. आणि लिव्हरपुलात आज कापसाचा भाव काय फुटला हे वऱ्हाडातील बड्या व्यापाऱ्याच्या पेढीवर कळू लागले. मात्र हे ज्ञान पेढीवरच राही. मुर्तिजापूरच्या बाजूने असो वा मानोऱ्याच्या, रात्रभर बैलगाडी हाकून पहाटे पेठेत उतरलेल्या कुणब्याच्या हाती ना तार होती, ना परत माल नेण्याची ताकद. तगाईचा हप्ता आणि सावकाराचे व्याज डोक्यावर असताना गाडी भरलेलीच गावी परत नेणे म्हणजे घरात तोंड न दाखवण्यासारखे.

त्या काळच्या अनेक पेठांत सौदा कसा होई, ते नीट पाहण्यासारखे आहे. दलाल विकणाऱ्याचा उजवा हात आपल्या हातात घेई आणि दोघांच्या हातांवर रुमाल किंवा उपरण्याचा पदर टाकी. एक बोट दाबले तर एक, दोन दाबली तर दोन, सारा पंजा धरला तर पाच. आणि ते एकक म्हणावयाचे की दशक, हे ज्याचे त्याने आधीच्या बोलण्यावरून ताडावयाचे. भोवती पन्नास माणसे उभी असली तरी पदराखाली काय ठरले ते एकासही दिसत नसे. मग तोच दलाल दुसऱ्या गाडीवाल्याकडे जाई आणि तेथे निराळीच बोटे दाबी. या हत्ता पद्धतीचे समर्थन करताना जुनी माणसे म्हणत, की त्यामुळे भावाची घासाघीस चव्हाट्यावर येत नाही व कोणाची अब्रू जात नाही. मला हे समर्थन पटत नाही. झाकलेल्या भावाचा लाभ ज्याला इतर सौदे ठाऊक असतात त्यालाच होतो, आणि पदराखालचे सगळे सौदे एकट्या दलालालाच ठाऊक असत.

या पार्श्वभूमीवर १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने कारंज्याचा कापसाचा बाजार नियमनाखाली आला. देशातील पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याची नोंद केली जाते. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला: बाजाराची हद्द ठरली, दलाल व तोलाऱ्यांना परवाने घेणे भाग पडले, देखरेखीसाठी समिती नेमण्यात आली. सरकारचा हेतू सर्वस्वी परोपकाराचा होता असे कोणी समजू नये. मँचेस्टरला स्वच्छ कापूस रास्त दराने मिळावा ही चिंता त्यात मोठी होती, आणि समितीत व्यापाऱ्यांना व नगरपालिकेला स्थान असूनही ज्याने कापूस पिकवला त्याला तेथे जागा नव्हती. तरीही बाजार ही सार्वजनिक जागा आहे आणि तेथील व्यवहारावर समाजाचा डोळा असावा, हे तत्त्व प्रथम येथे मान्य झाले. १९२८ च्या शेतकी रॉयल कमिशनने अशा बाजारांचा पुरस्कार केला, आणि १९६३ च्या महाराष्ट्र कायद्याने आजच्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांचा पाया घातला.

पदराखालच्या सौद्याच्या जागी उघडा लिलाव आला तरी तुलना सोपी झाली नव्हती, कारण तुलनेला समान माप लागते. मुंबईच्या कापूसबाजारात खंडी ७८४ पौंडांची. वऱ्हाडातील मण गावागणिक वेगळा. शिवाय बोललेला भाव आणि पदरात पडलेली रक्कम यांत अडत, हमाली, तोलाई, कडता, धर्मादाय अशा वजावटींची लांबलचक रांग उभी असे. दशमान वजने १९५८ पासून लागू होऊ लागली, तेव्हा कोठे एका पेठेचा भाव दुसऱ्या पेठेशी सरळ ताडून पाहण्याची सोय झाली. नागपूर आकाशवाणीवरील बाजारभाव ऐकून कुणबी घरबसल्या हिशेब करू लागला, तो याच सोयीमुळे.

प्रिंटरच्या खरेदीला कापसाहून जवळचे असे एक माप याच गावात पूर्वीपासून होते, आणि त्याचा उल्लेख केल्यावाचून मला पुढे जाववत नाही. कारंज्याच्या जैन मंदिरांतील ग्रंथभांडारे प्रसिद्ध आहेत. अमरावतीच्या महाविद्यालयात अध्यापन करणारे डॉ. हिरालाल जैन यांनी १९३० नंतरच्या दशकात तेथील आधाराने 'णायकुमारचरिउ', 'करकंडचरिउ' यांसारखे अपभ्रंश ग्रंथ संपादून प्रकाशात आणले. जुन्या पोथ्यांच्या शेवटी पुष्कळदा ग्रंथाग्र, म्हणजे बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ धरून होणारी एकूण संख्या, नोंदलेली असते. लेखकाची मजुरी या मापावर ठरे. अक्षर मोठे काढून पाने फुगवली तरी मजुरी वाढत नसे, आणि बारीक अक्षरात कागद वाचवला तरी ती घटत नसे. नक्कल करवून घेणाऱ्या श्रावकाला आपण कशाचे पैसे मोजतो हे स्वच्छ कळत होते.

प्रिंटर घेणाऱ्याला नेमके हेच कळत नाही. ॲपवर दिसतो तो खोक्याचा भाव, आणि खोक्याच्या भावात स्वस्त दिसणारे यंत्र शाईला महाग पडते ही गोष्ट या धंद्यातील सर्वांस ठाऊक आहे. समजा, एका यंत्राचे ८०० रुपयांचे कार्ट्रिज २०० पाने छापते. तर पानामागे ४ रुपये नुसती शाईच झाली. दुसऱ्या, टाकीच्या यंत्राची ४०० रुपयांची बाटली ४,००० पाने काढते. तेथे पानामागे दहा पैसे. पहिल्या खरेदीत वाचवलेले तीन-चार हजार मुलांचे प्रकल्प, अर्ज, सातबारा आणि परीक्षेची प्रवेशपत्रे यांच्या छपाईत केव्हाच वाहून जातात. पूर्वी कार्ट्रिजला भोक पाडून नळीने बाहेरची शाई पुरवण्याचे उद्योग गावोगावचे कारागीर करीत; २०१० मध्ये एप्सनने इंडोनेशियात टाकीचे यंत्र कंपनीतर्फेच बाजारात आणले आणि थोड्याच काळात इतर कंपन्यांनीही तो मार्ग धरला. पानांची संख्या कशी मोजावी याचेही आता आंतरराष्ट्रीय मानक आहे. शाईच्या यंत्रांसाठी ते आयएसओ २४७११. हे आपल्या काळचे ग्रंथाग्र होय. ॲप ते सहसा पुढे मांडत नाही. गिऱ्हाइकानेच ते बाटलीच्या वेष्टनावर शोधून भागाकार करावा लागतो.

जुन्या वजावटीही वेष बदलून परतल्या आहेत. १९९० पासून वेष्टनावर सर्व करांसह कमाल किंमत छापणे सक्तीचे झाले, तेव्हा मोठीच सोय झाली; पण ॲपवरील आकर्षक आकड्याला अमुक बँकेचे कार्ड, जुन्या यंत्राची अदलाबदल अशा अटी चिकटलेल्या असतात, आणि पोहोचवण्याचा आकार अगदी शेवटच्या पायरीवर उगवतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. टप्प्याटप्प्याने किंमत वाढवीत नेणे आणि न मागितलेली वस्तू टोपलीत सरकवणे हे प्रकार त्यांत नावानिशी निषिद्ध ठरवले आहेत. ती यादी वाचताना कडता आणि धर्मादाय यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

म्हणून खरेदीच्या वेळी गावातील दुकानदाराकडून लेखी दरपत्रक मागावे, त्यात कर, जोडणी आणि घरपोच सेवा यांचा खुलासा असावा, आणि ॲपवरचा अंतिम आकडा, पहिला नव्हे, त्याशेजारी ठेवावा. त्या दोहोंत दोन-तीनशे रुपयांचा फरक दिसला तर तो कशाचा आहे हे दुकानदारालाच विचारावे. चांगला दुकानदार ते आनंदाने सांगतो, आणि तो फरक बहुधा विक्रीनंतरच्या सेवेचा निघतो. वऱ्हाडच्या वैशाखात यंत्र महिनाभर बंद राहिले, तर शाई सूक्ष्म छिद्रांत वाळून बसते आणि ती सोडवण्यास दुरुस्तीवाला लागतो. "भाऊ, उन्हाळ्यात आठ दिवसातून एक रंगीत पान काढत जाजा," असे दुकानदार खोके बांधता बांधता बजावतो, आणि तरीही शाई वाळलीच तर यंत्र त्याच्याच दुकानात आणून ठेवता येते. दरपत्रकात या कामाचे वेगळे पैसे लावलेले आहेत की नाहीत, तेवढे मात्र यंत्र उचलण्यापूर्वी विचारून घ्यावे.