जठरातील लसीकार्बुद : जंतुविरहित प्रकाराच्या निदानाचा इतिहास

‘पोटात गोळा उठणे’ हा वाक्प्रचार पोलादपूर तालुक्यातील कापडे येथे जसा समजतो, तसाच सर्व मराठी मुलखात समजतो. आयुर्वेदाने पोटातील अशा गोळ्यास ‘गुल्म’ म्हटले व त्याचे पाच प्रकार मानले. परंतु ते निदान स्पर्शावर व लक्षणांवर आधारलेले होते. गाठ कोणत्या पेशींची, हा प्रश्न सूक्ष्मदर्शकामुळेच विचारता आला. मुंबईत १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाल्यावर डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तेथे कर्करोगाच्या ऊतकपरीक्षेचा पाया घातला.

जठराच्या श्लेष्मल आवरणात उद्भवणाऱ्या, संथपणे वाढणाऱ्या लसीकार्बुदाचे स्वतंत्र स्वरूप ऐझॅकसन व राइट यांनी १९८३ साली दाखविले. निरोगी जठरात लसीकाभ ऊतक जवळजवळ नसते. मग अर्बुद कशातून उपजते? याचे उत्तर १९९१ साली मिळाले. तपासलेल्या ११० रुग्णांपैकी १०१ जणांच्या जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू आढळला. १९९३ साली सहा रुग्णांना प्रतिजैविके देण्यात आली, तेव्हा पाचांचे अर्बुद ओसरले. या यशाच्या प्रकाशात, ज्यांच्यात जंतू सापडत नाही अशांचा प्रश्न मात्र काही काळ मागे पडला.

जंतू न दिसणे आणि जंतू नसणे या दोन भिन्न गोष्टी होत. आधी घेतलेली प्रतिजैविके, आम्ल कमी करणारी औषधे किंवा रक्तस्राव यांमुळे जंतू लपतो. म्हणून जठराच्या अनेक भागांतील ऊतक घेऊन, शिवाय श्वास, मल वा रक्त तपासूनच अभाव निश्चित करावा लागतो. १९९९ साली अकराव्या व अठराव्या गुणसूत्रांच्या खंडांची अदलाबदल होऊन जुळणारी जनुके ओळखली गेली; ही अदलाबदल असल्यास प्रतिजैविके क्वचितच लागू पडतात, हे त्यानंतर स्पष्ट झाले.

जंतुविरहित रुग्णांतही काही थोड्यांना प्रतिजैविकांनी गुण येतो. तो न आल्यास, जठरापुरत्या सीमित रोगावर सुमारे २४ ते ३० ग्रे मात्रेचा किरणोपचार, तर पसरलेल्या रोगावर रिटुक्सिमॅब व अन्य औषधे योजतात. पूर्वी रूढ असलेले जठरच्छेदन आता क्वचितच करावे लागते.

किरणोपचार तीन-चार आठवडे, आठवड्यातील बहुतेक दिवस चालतो. कापड्याच्या रुग्णाने तो मुंबईत घ्यावयाचा तर मुक्कामाची सोय, बरोबरच्या माणसाची बुडणारी मजुरी व घरची शेती यांचा विचार आलाच. मेणात बसविलेला ऊतकाचा तुकडा फेरतपासणीसाठी एकटा मुंबईस जाऊ शकतो. रुग्णास उपचारासाठी स्वतःच जावे लागते. म्हणून ‘जंतू नाही’ या दोन शब्दांची खातरजमा त्याने घर सोडण्यापूर्वीच झालेली असणे अगत्याचे आहे.