पिंपळे सौदागरची पाहणी

प्रयोगशाळेंतील पदार्थ शास्त्रज्ञाच्या सर्वस्वीं स्वाधीन असतो. नळींतील द्रव्य कांहीं लपवीत नाहीं, कीं प्रश्नकर्त्याच्या हेतूविषयीं शंका घेत नाहीं. शोधाचा विषय मनुष्य झाला म्हणजे मात्र हा सर्व प्रकार पालटतो. अभ्यासकास प्रयोगशाळा सोडून लोकांच्या दाराशीं कां जावें लागतें, याचें उत्तम उदाहरण म्हणून पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गांवाच्या पाहणीकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

पाहणी करणारे डॉ. हॅरोल्ड मॅन हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. आसामांत चहाच्या मळ्यांसाठीं संशोधन करून ते १९०७ सालीं पुण्याच्या कृषि-महाविद्यालयाचे प्रिन्सिपॉल झाले. सहस्रबुद्धे, कानिटकर प्रभृति सहकाऱ्यांसह त्यांनीं केलेली ही पाहणी १९१७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाली.

माती, पाणी व पाऊस यांचा विचार रसायनज्ञाच्या हातून सुटणें शक्यच नव्हतें. परंतु जमीन किती पिकेल हें मातीनें सांगितलें, तरी शेतकऱ्याच्या घरीं किती उरतें हें तिला सांगतां येत नाहीं. जुन्या नोंदींवरून असें दिसलें कीं, १७७१ सालीं खातेदाराची सरासरी जमीन ४० एकर होती; १८१८ सालीं ती साडेसतरा एकर झाली, आणि १९१४-१५ मध्यें अवघी ७ एकर उरली. १५६ खातेदारांची जमीन सातशेंहून अधिक तुकड्यांत विखुरलेली होती, व त्यांपैकीं ४६३ तुकडे एकराहूनहि लहान! वांटणीच्या वेळीं प्रत्येक भाऊ बऱ्यावाईट प्रत्येक शेतांत आपला वांटा मागतो, त्याचा हा परिणाम.

इथवरचें काम कागदपत्रांवर भागण्यासारखें होतें. कर्ज किती, व्याज किती, गांवाबाहेरच्या मजुरीची भर किती, हें मात्र घरोघर विचारल्यावांचून कळणारें नव्हतें. आणि सावकाराच्या वहींत अडकलेल्या शेतकऱ्यानें परक्या साहेबाच्या माणसांस आपलें कर्ज कां म्हणून सांगावें? सारा वाढण्याचें भय एकीकडे, अब्रूची चाड दुसरीकडे. अशा माणसाचें उत्तर पडताळून पाहावें लागतें. पण त्याहिपूर्वीं त्याचा विश्वास संपादावा लागतो. रसायनाच्या पुस्तकांत ही कृति सांगितलेली नसते.

निष्कर्ष असा निघाला कीं, अनुकूल वर्षींहि बहुसंख्य कुटुंबांचा निर्वाह स्वतःच्या शेतावर होत नव्हता. शेतकऱ्याच्या आळसास दोष देऊन मोकळ्या होणाऱ्या शहरवासी सुशिक्षितांस याहून स्पष्ट उत्तर तें कोणतें द्यावयाचें?

तथापि पिंपळे पडलें शहरालगतचें. तेवढ्यावरून सर्व दख्खनचें अनुमान काढणें धाडसाचें होतें. म्हणून मॅन व कानिटकर यांनीं शहरापासून दूर असलेल्या जातेगांव बुद्रुक या कोरडवाहू गांवाचीहि पाहणी केली. ती १९२१ सालीं प्रसिद्ध झाली.

आज पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवड महानगरांत सामावलें असून शेतांच्या जागीं उंच इमारती उभ्या आहेत. तेथील माती कोणासहि पुन्हां तपासतां येईल. त्या कुटुंबांस पुन्हां कांहीं विचारतां येणार नाहीं. आपलें कर्ज ज्यांनीं परक्यांपुढें बोलून दाखविलें, त्या शेतकऱ्यांचें ऋण महाराष्ट्राचा आर्थिक इतिहास लिहिणारांनीं विसरूं नये.